बिंदुसरेचे पाणी आणि आठ देशांचा समुद्र

बीड जिल्हा समुद्रापासून दूर आहे. तरीही समुद्राच्या आरोग्याशी आपला निकटचा संबंध आहे, हे नकाशा समोर ठेवला की लक्षात येते. बिंदुसरा सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा गोदावरीला. पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजराही अखेर गोदावरीतच विलीन होते. आष्टीकडील पाणी सीना, भीमा, कृष्णा या वाटेने जाते. या साऱ्या वाटा बंगालच्या उपसागराला मिळतात. धरणांत बरेच पाणी अडते हे खरे. परंतु पुराच्या दिवसांत शेतातील खतांचा अंश आणि शहरांचे सांडपाणी घेऊन नद्या पुढे वाहतातच.

खतातील नायट्रोजन समुद्रात पोहोचला की सूक्ष्म शेवाळ फोफावते. ते मरून खोल जाते, कुजते आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवते. बंगालच्या उपसागरात नद्यांचे गोडे, हलके पाणी वर तरंगत असल्यामुळे वरचा प्राणवायू खाली सहज मिसळत नाही. म्हणून तेथे अत्यल्प प्राणवायूचा एक थर निसर्गतःच आहे. माणसाच्या हातून पडणारी भर त्याला अधिक घातक करू शकते.

या थराचा शोध एका देशाने घेतलेला नाही. १९६०च्या दशकात अनेक राष्ट्रांच्या जहाजांनी मिळून हिंदी महासागराचा अभ्यास केला. त्या मोहिमेची फलश्रुती म्हणून १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. या संस्थेच्या आणि डेन्मार्क, जर्मनी येथील शास्त्रज्ञांनी एकत्रितपणे केलेले संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. सामान्य उपकरणांना न जाणवणारा, पृष्ठभागाच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी कमी असा प्राणवायूचा लेश त्यांना तेथे आढळला. तोही नाहीसा झाला, तर सूक्ष्मजीव पाण्यातील नायट्रोजन मोठ्या प्रमाणावर वायुरूपात बाहेर टाकतील आणि समुद्रातील पोषणाचा तोल ढळेल. एवढ्या सूक्ष्म लेशावर एवढा मोठा समुद्र तरला आहे.

भारत, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, म्यानमार, थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशिया या आठ देशांनी २००९पासून या उपसागरासाठी संयुक्त प्रकल्प राबवला. अतिरिक्त मासेमारी, अधिवासांचा ऱ्हास आणि प्रदूषण हे सामायिक प्रश्न त्यांनी निश्चित केले. राजकीय मतभेद असूनही मोजमापाच्या आकड्यांवर एकमत होऊ शकते, हा त्यातील बोध आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे बाबासाहेबांचे स्मरण होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळताना १९४५ साली कलकत्त्याच्या परिषदेत त्यांनी बंगाल आणि बिहार या दोन्ही प्रांतांसमोर दामोदर खोऱ्याच्या एकत्रित नियोजनाचा विचार मांडला. नदी प्रांताच्या सीमेवर थांबत नाही. म्हणून तिचे नियोजनही तेथे थांबता कामा नये. समुद्राला हाच न्याय अधिक व्यापकपणे लागू होतो.

आठ देशांचे करार आपल्या हाती नाहीत. परंतु माती परीक्षण करून मोजके खत देणे, युरियाची मात्रा एकदम न देता विभागून देणे, बांधबंदिस्ती राखणे आणि सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत सोडू नये असा आग्रह ग्रामसभेत व नगरपालिकेत धरणे आपल्या हाती निश्चितच आहे. वरच्या गावाने पाणी कसे सोडले, त्यावर खालच्या गावाचे जगणे ठरते. या हिशेबात आपण कित्येकांच्या वरच्या गावचे आहोत.