मेनूत जागा कुणाला?

अगं, कंपनीच्या इंट्रानेटचं, म्हणजे शेअरपॉइंटच्या मेनूचं काम तुझ्या गळ्यात पडलंय म्हणून घाबरू नकोस. बटणं कुठे असतात ते शिकायला एक दुपार पुरते, आणि ते मी सांगतेच. झोप उडेल ती दुसऱ्याच गोष्टीने. त्या वरच्या पट्टीत आपलं नाव यावं म्हणून लोक तुझ्या टेबलाशी यायला लागतील. एचआर म्हणेल, आम्ही पहिले. क्वालिटीवाले म्हणतील, ऑडिट तोंडावर आलंय, आमची लिंक वर हवी. एखादे साहेब जाता जाता म्हणतील, ‘एकच तर लिंक आहे, टाकून दे ना!’ तू नवी, त्यात वयाने लहान. नाही म्हणायला जीभ रेटणार नाही. म्हणून एक नियम आधीच पदरात बांधून ठेव. मेनूतली प्रत्येक ओळ कुणाच्या तरी कामासाठी हवी. कुठल्या खात्याचा मान राखायला ओळ द्यायची नाही.

हा नियम पाळता येतो, कारण शेअरपॉइंटमध्ये मेनू एकच नसतो. मोठ्या कंपनीत बहुधा हब साइट, म्हणजे बाकीच्या साइट जिला जोडतात अशी साइट, केलेली असते; ही सोय २०१८ मध्ये आली. हबचा मेनू सगळ्यात वर असतो आणि हबला जोडलेल्या प्रत्येक साइटवर तोच दिसतो. त्याच्या खाली त्या त्या साइटचा स्वतःचा मेनू. कम्युनिकेशन साइट असेल तर तो वर आडवा, टीम साइट असेल तर सहसा डाव्या हाताला उभा. कंपनीने होम साइट ठरवून ग्लोबल नेव्हिगेशन चालू केलं असेल तर डाव्या काठच्या अरुंद पट्टीतून उघडणारा आणखी एक. तो बहुतेक आयटीच्या ताब्यात असतो, त्यात तू सध्या पडू नकोस.

तेव्हा साहेबांना सरळ सांग, ‘सर, हबच्या मेनूत सगळ्या कंपनीला लागतं तेवढंच ठेवतेय. तुमच्या साइटवर तुमच्या लोकांना हवा तसा मेनू करून देते.’ आणि खरंच करून दे, नुसतं बोलून सोडू नकोस. त्यांच्या साइटचा मेनू नीट झाला की वरच्या पट्टीचा हट्ट बराच मावळतो. हबचा मेनू हब साइटच्या ओनरनाच बदलता येतो, जोडलेल्या साइटच्या ओनरना तिथे हात लावता येत नाही. ही व्यवस्था तुझ्या बाजूची आहे, तिचा आधार घे. फक्त ओनरची यादी एकदा तपास. सतरा जणांना ओनर करून ठेवलेलं असेल तर मेनू कुणी बदलला हे शोधण्यातच तुझे दिवस जातील.

आता नावांचं बोलू. मेनू लिहायला बसलीस की पहिल्यांदा कंपनीचा खात्यांचा तक्ताच समोर येतो आणि आपण तोच उतरवून काढतो. ते टाळ. एसटी स्टँडवरच्या पाटीवर गावाचं नाव असतं, डेपो मॅनेजरचं नसतं. रजा टाकायला आलेल्या माणसाला रजा हवी असते. ती ‘ह्यूमन कॅपिटल सर्व्हिसेस’च्या खाली ‘एम्प्लॉयी लाइफसायकल’मध्ये आहे, हे त्याने कशावरून ओळखायचं? त्याऐवजी ‘रजा आणि हजेरी’ असं शीर्षक कर आणि त्याच्या पोटात रजेचा अर्ज, शिल्लक रजा, यंदाच्या सुट्ट्यांची यादी ठेव. ‘पगार आणि कर’ म्हण आणि खाली पगारपत्रक, पीएफचं नॉमिनेशन, फॉर्म १६ ठेव. फॉर्म १६ कंपनीने १५ जूनपर्यंत द्यायचा असतो, त्यामुळे जूनमध्ये निम्मी कंपनी तोच शोधत असते. त्या महिन्यात ती ओळ वर आणलीस तर लोक दुवा देतील.

‘इतर’, ‘उपयुक्त लिंक्स’, ‘क्विक लिंक्स’ ही नावं मेनूत घेऊ नकोस, माझं ऐक. जे कुठे बसत नाही ते तिथे टाकायची सवय लागते आणि वर्षभरात सगळ्यात लांब यादी तीच होते. आणि कुणीतरी तुला नक्की सांगेल की मेनूत सातच गोष्टी हव्यात, तसं मानसशास्त्रात सिद्ध झालंय. त्याला मान देऊन ऐकून घे आणि सोडून दे. ते सात जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाच्या १९५६ च्या लेखातून आलेत. तो लेख आहे माणसाला एका वेळी डोक्यात किती गोष्टी धरून ठेवता येतात यावर. मेनू कुणाला पाठ करायचा नसतो, तो डोळ्यांसमोर असतो. नावं स्पष्ट असतील तर नऊ ओळीही चालतात आणि गोंधळाची असतील तर चारही जड होतात.

आता बटणं. साइटची ओनर असशील तर मेनूच्या शेवटी ‘एडिट’ दिसेल. ते दाबलं की बाजूला एक पॅनेल उघडतं. दोन ओळींच्या मधे माउस नेलास की अधिकचं चिन्ह येतं, तिथून नवी ओळ घालायची. ती ‘लिंक’ हवी की ‘लेबल’ हे विचारलं जातं. लेबल म्हणजे नुसतं शीर्षक, दाबून कुठेच जात नाही. गट बांधायला तेच वापर. प्रत्येक ओळीपुढच्या तीन टिंबांत वर-खाली सरकवणं, दुसरीच्या पोटात घालणं आणि काढून टाकणं हे सगळं आहे. शेवटी ‘सेव्ह’.

आणि इथे सावध राहा. पान लिहिताना मसुदा असतो, प्रकाशित करायची वेगळी पायरी असते. मेनूला तसं काही नाही. सेव्ह केलंस की बदल झाला. जुना मेनू परत आणायला आवृत्त्या नसतात, काढलेली ओळ रिसायकल बिनमध्येही जात नाही. म्हणून हात लावायच्या आधी चालू मेनूचे स्क्रीनशॉट घे आणि एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीचं नाव, पत्ता आणि ती कुणाच्या सांगण्यावरून घातली ते लिहून ठेव. ही एक्सेल पुढे तुला वाचवेल, कारण ‘आमची लिंक कुणी काढली?’ हा प्रश्न हमखास येतो. हबच्या मेनूतला बदल जोडलेल्या साइटवर दिसायला कधी कधी थोडा वेळ लागतो, तेव्हा दिसत नाही म्हणून तीच ओळ पुन्हा पुन्हा घालत बसू नकोस. लिंक काढली म्हणून पान पुसलं जात नाही. उलट पान पुसलं तरी मेनूतली लिंक तशीच लोंबकळत राहते आणि दाबणाऱ्याला ‘सापडलं नाही’ म्हणते.

आडव्या मेनूचे दोन प्रकार मिळतात, मेगा मेनू आणि कॅस्केडिंग. ‘चेंज द लुक’मध्ये नेव्हिगेशनखाली ते बदलता येतात. मेगा मेनू सगळ्यांना आवडतो, कारण एका नजरेत सगळं पसरून दिसतं. पण तो तीन पातळ्यांचा मेनू आहे हे लक्षात ठेव. पहिली पातळी पट्टीत राहते, दुसरी ठळक शीर्षक होते, तिसरी त्या शीर्षकाखालच्या साध्या ओळी. तू दोनच पातळ्या भरल्यास तर पोटातली प्रत्येक ओळ शीर्षकासारखी ठळक उमटते आणि पडद्यावर नुसता आरडाओरडा दिसतो. दोनच पातळ्या पुरणार असतील तर कॅस्केडिंग घे. तिसऱ्या पातळीपलीकडे शेअरपॉइंट जाऊ देत नाही, आणि ते बरंच आहे. चौथी पातळी लागतेय असं वाटलं तर समज, त्या विषयाला स्वतःची साइट हवी. केलेलं सगळं फोनवर उघडून बघ. तिथे माउस नाही, मेनू तीन रेघांमागे दडलेला असतो, आणि शॉप फ्लोअरवरचा माणूस फोनच वापरतो.

आता जे सांगते ते नीट ऐक. एडिट पॅनेलमध्ये ऑडियन्स टार्गेटिंग चालू करायची सोय आहे. ती चालू केली की एखादी ओळ ठराविक ग्रुपलाच दिसेल असं ठरवता येतं. नाशिकच्या प्लांटची कँटीन पुण्याच्या ऑफिसला दाखवायची गरज नाही, त्यासाठी ही सोय उत्तम. गटाची मुख्य ओळ लपवलीस तर तिच्या पोटातलंही लपतं, हे ध्यानात ठेव. पण उद्या तुला कुणी म्हणेल, ‘ती अप्रेझलची फाइल फक्त मॅनेजरना दिसली पाहिजे, मेनूत टार्गेट करून टाक.’ तिथे ठाम राहा. टार्गेटिंगने ओळ लपते, फाइल लपत नाही. ज्याला त्या लायब्ररीचा अॅक्सेस आहे त्याला ती शोधात सापडेल, कुणी पाठवलेल्या लिंकनेही उघडेल. फाइल झाकायची तर परवानग्या बदलाव्या लागतात, आणि ते मेनूत नाही, लायब्ररीच्या किंवा साइटच्या सेटिंगमध्ये होतं. हे ईमेलवर लिहून कळव. तोंडी सांगितलेलं उद्या कुणाला आठवत नाही, आणि बोट नवीन मुलीकडे दाखवलं जातं.

मेनू तयार झाला की लगेच लावू नकोस. नुसत्या ओळी कागदावर छाप, रंग नको, लोगो नको. स्टोअरमधले काका, रिसेप्शनवरची मुलगी, नाइट शिफ्टचा सुपरवायझर यांच्याकडे तो कागद घेऊन जा आणि कामं विचार: ‘मुलीचं नाव मेडिक्लेममध्ये घालायचंय, कुठे बोट ठेवाल?’ ‘लॅपटॉप बंद पडलाय, कुठे जाल?’ बोट पहिल्यांदा कुठे गेलं ते लिहून घे. चुकले तर त्यांना दुरुस्त करू नकोस, समजावू तर मुळीच नकोस. तिथे तू ओळीला दिलेलं नाव चुकलंय. साहेबांशी वाद घालायची वेळ आली तर हाच कागद पुढे ठेव. तुझ्या मताशी ते भांडतील, पण स्टोअरच्या काकांचं बोट कुठे गेलं याच्याशी कोण भांडणार?

एक छोटी गोष्ट, आपल्याकडे उपयोगाची. मेनूतलं नाव देवनागरीत टाइप केलं तर छान चालतं, आणि ज्या प्लांटमध्ये सगळे मराठीत बोलतात तिथे ते कर. ‘गेट पास’, ‘बस मार्ग’, ‘सुरक्षेची तक्रार’ असं लिहायला कुणाची हरकत नसते, फक्त कुणी सुरुवात करत नाही. पण नवं पान बनवताना पहिलं नाव छोटं इंग्रजी दे, सेव्ह कर आणि मग शीर्षक मराठी कर. पानाचा पत्ता पहिल्या नावावरून ठरतो. सुरुवातीलाच मराठी दिलंस तर कॉपी केलेला पत्ता टक्क्यांच्या चिन्हांनी भरून जातो आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायला नकोसा होतो.

शेवटचं, आणि हे बहीण म्हणून सांगते. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, आणि ती नेमल्याचा आदेश ठळक जागी लावायचा असतो. तो भिंतीवर असतोच, तरी इंट्रानेटवरही तो सापडला पाहिजे. पुष्कळ ठिकाणी ती माहिती धोरणांच्या पीडीएफमध्ये, तीन क्लिक आत पुरलेली असते. जिला ती लागते ती मुलगी आधीच घाबरलेली असते; मागून कुणी पडदा बघेल म्हणून तिला शोधत बसायलाही वेळ नसतो. तू ती ओळ हबच्या मेनूत आण. साध्या नावाने, ‘तक्रार आणि मदत’ या शीर्षकाखाली, सदस्यांची नावं आणि फोन नंबर असलेल्या पानाकडे थेट. तिच्यावर टार्गेटिंग लावू नकोस, कारण कंत्राटी कामगार आणि ट्रेनी यांनाही हा कायदा लागू आहे आणि ग्रुपमधून नेमके तेच गळतात. कम्युनिकेशन साइटच्या फूटरमध्येही तीच लिंक घाल, म्हणजे त्या साइटच्या कुठल्याही पानावरून हाताशी राहील. सदस्य बदलले की पान त्याच दिवशी बदललं जाईल, याची जबाबदारी कुणा एकाच्या नावावर लावून घे.

बाकीच्या ओळींवर चर्चा होऊ दे, मीटिंग होऊ दे, पंधरा दिवस जाऊ दे. ही एक मात्र सोमवारी ऑफिसला गेलीस की आधी बघ, आणि नसेल तर कुणाची वाट न बघता घाल.