कार्यप्रवाहाचे औपचारिक प्रतिमान : करनिर्धारणाचे एक उदाहरण

शासकीय निर्णय ठराविक टप्प्यांतून जातो. हे टप्पे, त्यांचा क्रम व त्यांच्या अटी यांना एकत्रितपणे कार्यप्रवाह म्हणतात. संगणकाने हा क्रम स्वतः जुळवावा असे वाटत असेल, तर प्रत्येक टप्प्याची पूर्वअट व फलित निःसंदिग्धपणे मांडावे लागते. अशा गणिती मांडणीस औपचारिक प्रतिमान म्हणतात.

यासाठी प्रामुख्याने वापरले जाणारे साधन म्हणजे ‘पेट्री जाळे’. जर्मन गणितज्ञ कार्ल अ‍ॅडम पेट्री यांच्या १९६२ च्या प्रबंधात त्याचा पाया आढळतो. त्यात वर्तुळ स्थिती दर्शविते, चौकट कृती, तर ठिपका प्रकरण कोठे पोहोचले ते सांगतो. निर्दोष कार्यप्रवाहाच्या कसोट्या तीन आहेत : (१) कोणत्याही टप्प्यावरून शेवट गाठता यावा, (२) शेवटी अर्धवट काम उरू नये, (३) कधीच न घडू शकणारी कृती आराखड्यात नसावी.

दिल्लीत ७ ऑक्टोबर २०१९ रोजी राष्ट्रीय ई-निर्धारण केंद्राचे उद्घाटन झाले. करदाता व अधिकारी यांचा प्रत्यक्ष संपर्क टाळून प्राप्तिकराची प्रकरणे संगणकीय प्रणालीद्वारे यादृच्छिक पद्धतीने सोपविली जाऊ लागली. १ एप्रिल २०२१ पासून ही पद्धत प्राप्तिकर अधिनियमाच्या कलम १४४ बी मध्ये समाविष्ट झाली. करदात्याच्या हिताविरुद्ध बदल प्रस्तावित असल्यास त्याला कारणे दाखवा नोटीस देणे त्यात आवश्यक होते. तरीही नोटीस वा सुनावणी न दिल्याच्या कारणावरून दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अनेक आदेश रद्द केले.

विद्यार्थ्यांनी येथे एक भेद लक्षात घ्यावा. नोटीस वगळणारी वाटही वरील तिन्ही कसोट्यांना उतरू शकते. प्रकरण निकाली निघते, पण नैसर्गिक न्याय डावलला जातो. म्हणून ‘प्रतिकूल आदेशापूर्वी नोटीस असलीच पाहिजे’ ही अट स्वतंत्रपणे मांडावी लागते. त्यासाठी अमीर प्नुएली यांनी १९७७ मध्ये संगणकशास्त्रात आणलेले कालतर्कशास्त्र उपयोगी पडते. त्याआधारे प्रतिमानातील प्रत्येक संभाव्य वाट तपासता येते.

कायद्याची शब्दरचनाही तितकीच निर्णायक असते. मूळ तरतुदीनुसार सुनावणीची विनंती ‘मान्य करता येईल’ असे होते. २०२२ च्या वित्त अधिनियमाने विनंती आल्यास सुनावणी देणे बंधनकारक केले. पहिल्या रचनेत सुनावणी ही पर्यायी फांदी ठरते, दुसरीत अनिवार्य टप्पा.

सारांश, स्वयंचलनाने गती येते. न्याय्यता मात्र नियमरूपाने आधीच नमूद करावी लागते.