मानशीची दारे आणि रक्ताची वाट

शापोरा नदीकाठची खाजन शेती पेडण्यातील पुष्कळांनी पाहिली असेल. बांधात मानस बसविलेली असते, तेथे क्षणभर थांबून पाहावे. भरती चढू लागली की बाहेरचे खारे पाणी दारांवर रेलते व ती आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतील पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. पाण्याचाच जोर दार लावतो आणि पाण्याचाच जोर ते उघडतो. अशीच इवलीशी दारे आपल्या हातापायांत आहेत, हे मला फार उशिरा समजले. मी कलाशाखेचा पदवीधर. शास्त्राच्या तासाला बदली म्हणून उभे राहण्याची पाळी आली, तेव्हाच हा विषय मी नीट वाचला.

हृदयातून रक्त नेतात त्या रोहिण्या व हृदयाकडे ते परत आणतात त्या नीला. ‘शुद्ध रक्ताची ती रोहिणी’ अशी व्याख्या पाठ करणाऱ्याची फुप्फुसापाशी फसगत होते. कारण तिकडे जाणाऱ्या रोहिणीत अशुद्ध रक्तच असते. रोहिणीची भिंत जाड व लवचिक असते. विश्रांती घेणाऱ्या प्रौढ माणसाचे हृदय मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त लोटते. तो धक्का रोहिणी पसरून झेलते व आखडून पुढे सारते. मनगटाशी लागणारी नाडी ती हीच. पुढे फाटे फुटत, डिचोलीच्या कुळागरात पाटाचे पाणी पोफळीच्या आळ्याआळ्यांत पोचते तसे, रक्त केशवाहिन्यांत शिरते. त्यांची भिंत पेशींच्या एकाच थराची असते. प्राणवायू व अन्नरस येथेच बाहेर झिरपतात. मात्र पाटाचे पाणी मुळांशी जिरते. रक्त परत फिरते.

ते परत फिरते हे विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले. दंडाला पट्टी बांधून त्याने नीला फुगविल्या. त्यांतील रक्त बोटाने पंजाकडे लोटू गेले असता ते जाईना, कारण वाटेत झडपा होत्या. तुम्ही पट्टीवाचून करून पाहा. हात खाली सोडा. नीला फुगल्या की एकीवर बोट दाबून ठेवा व दुसऱ्या बोटाने तिच्यातील रक्त खांद्याच्या दिशेने सारा. झडपेपर्यंतचा भाग रिकामाच राहतो. पहिले बोट उचलताच तो भरतो. केशवाहिन्या मात्र हार्वेने पाहिल्या नाहीत. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ साली, इटलीच्या मालपीगीने त्या सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या.

पायातील रक्त वर चढते ते पोटरीच्या जोरावर. चालताना स्नायू नीलेस पिळतात, रक्त वर सरकते आणि झडप त्याला खाली येऊ देत नाही. दिवसभर फळ्यापुढे उभे राहणाऱ्या शिक्षकाच्या पोटऱ्या संध्याकाळी का ठणकतात, हे मला तेव्हा कळले.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावी एका शेतकऱ्यास घोणस चावली. जमलेल्यांनी त्याच्या मांडीला सुंभाची दोरी करकचून बांधली. हेतू चांगला होता. पण शरीररचना निराळी आहे. नीलेची भिंत पातळ, ती थोड्या दाबानेही मिटते. जाड रोहिणी मात्र रक्त आणीतच राहते, म्हणून पाय सुजतो. दोरी आणखी आवळली तर रोहिणीही बंद होते व मांस मरू लागते. शिवाय घोणशीचे विष केशवाहिन्यांच्या भिंतीच दुखावते व रक्त गोठण्याची शक्ती हिरावून घेते. तेथे चिरा मारणे म्हणजे बांधच फोडणे होय. विष पसरण्यास स्नायूंची हालचाल मदत करते, म्हणून रोग्यास चालवू नये. पायाला फळी लावून तो स्थिर ठेवावा, अंगठी-पैंजण काढावे, आणि मांत्रिकाकडे वेळ न दवडता म्हापशाचे जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. कोणी आधीच दोरी बांधली असेल, तर ती वाटेत एकाएकी सोडू नये. अडलेले विष एकदम वर धावते. ते काम डॉक्टरांसमोर व्हावे.

त्या गृहस्थाचा पाय वाचला. दोरीचा वण अजून आहे, आणि यंदा तो पुन्हा शेतात उतरला, या खेपेस गुडघ्यापर्यंत बूट घालून.