पाव काढला, पण पावाची कामं कोण करणार?

म्हैसूरमधल्या आमच्यासारख्या नोकरदार मराठी घरांत रात्रीचा स्वयंपाक तासाभरात उरकावा लागतो. हेब्बाळच्या कारखान्यांतून आणि आयटी कंपन्यांतून माणसं घरी पोचेपर्यंत सात वाजून गेलेले असतात. मुलांचा अभ्यास बाकी असतो. पोळी, भाजी, आमटी, भात असा चारी ठाव स्वयंपाक रोज होत नाही. मग बाहेरून मागवायची सवय लागते आणि मुलांची पहिली मागणी बर्गरची असते.

त्यावर तोडगा म्हणून आमच्याकडे बर्गर बाऊल सुरू झाला. बर्गरमधलं सगळं, म्हणजे खिमा किंवा टिक्की, लेट्यूस, कांदा, टोमॅटो, व्हिनेगरमधली काकडी, थोडं चीज आणि सॉस, एका मोठ्या वाडग्यात घ्यायचं. पाव तेवढा घ्यायचा नाही. पदार्थ अर्ध्या तासात होतो, भरपूर भाज्या पोटात जातात, मुलं कुरकुरत नाहीत. मी तो आजही करते आणि इतरांनाही सांगते. पण सांगताना एक गोष्ट आधी सांगते, कारण या वाडग्यानंतरची एक रात्र आम्हाला फार जड गेली.

माझ्या सासऱ्यांना, आप्पांना, बरीच वर्षं मधुमेह आहे. जेवणाआधीची ग्लिमेपिराइडची गोळी ठरलेली. त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखी गोळी घेतली आणि आमच्याबरोबर कोंबडीच्या खिम्याचा वाडगा आवडीने खाल्ला. सोबत पोळी नव्हती, भात नव्हता. मध्यरात्री सासूबाईंनी आम्हाला उठवलं. आप्पांचा सदरा घामाने ओला झाला होता, हात थरथरत होते, बोलणं असंबद्ध होत होतं. ग्लुकोमीटरवर साखर ७० च्या बरीच खाली दिसली. ते शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली. साखर वर यायला लागल्यावर दूध-भाकरी कुस्करून दिली. ते नीट ओळखीचं बोलू लागले तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावून सांगितलं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. जेवणात रोजच्याइतकी पोळी-भात येणार, या हिशोबाने डोस ठरलेला असतो. ते आलंच नाही, तरी गोळी आपलं काम करत राहते आणि रक्तातली साखर खाली जाते. इन्सुलिनची इंजेक्शनं घेणाऱ्यांनाही हाच धोका असतो. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना तो बराच कमी असतो.

त्या रात्रीनंतर मी या पदार्थाकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. पाव म्हणजे नुसता मैदा, तो काढला की जेवण सुधारलं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बर्गरमध्ये पावाला तीन कामं असतात. तो पोटाला आधार देतो. खिम्याचा आणि सॉसचा रस शोषून घेतो. आणि खारट-तिखट सारणाची चव सौम्य करतो. पाव काढला तर ही तिन्ही कामं दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवावी लागतात. पुढचं सगळं मार्गदर्शन याच एका गोष्टीभोवती आहे.

पोटाचा आधार

बर्गरच्या एका पावातून साधारण २५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं मिळतात. कोंबडीच्या किंवा मटणाच्या खिम्यात ती जवळजवळ नसतातच. लेट्यूस, काकडी, टोमॅटोतूनही फार येत नाहीत. म्हणून प्रत्येक वाडग्यात मी आता मोजून आधार घालते: एक मध्यम उकडलेला बटाटा, साधारण १५० ग्रॅम, फोडी करून तव्यावर खरपूस परतलेला, किंवा वाटीभर शिजवलेला राजमा, किंवा वाडग्यासोबत एक ज्वारीची भाकरी. म्हैसूरच्या घरोघरी रागी असते, त्यामुळे रागीची रोट्टीही सहज जमते. यातल्या कशानेही पावाची जागा भरून निघते आणि मैद्यापेक्षा चोथाही जास्त मिळतो.

मधुमेह नसलेल्यांनीही हा आधार वगळू नये. तो नसला की रात्री दहाला मुलं चिवड्याचा डबा उघडतात, मोठी माणसं बिस्किटं शोधतात, आणि पाव टाळून काय साधलं ते कळेनासं होतं.

घरात कुणी साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल, तर त्यांच्या ताटातली पोळी-भाकरी एकाएकी बंद करू नका. कमी करायची असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण त्याबरोबर डोसही बदलावा लागू शकतो. गोळी आपल्या मनाने कमी करणंही तितकंच धोक्याचं. घाम, थरथर, धडधड, अचानक चिडचिड किंवा गोंधळ दिसला तर ताबडतोब साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. थेट रुग्णालय गाठा.

रसाचं पाणी होऊ नये म्हणून

पाव नसला की सगळा रस वाडग्याच्या तळाशी जातो आणि खालची पानं शिजल्यासारखी मऊ पडतात. यावर उपाय आपल्या कोशिंबिरीत आणि इथल्या कोसंबरीत आहे. रामनवमीला म्हैसूरभर पानकाबरोबर भिजवलेल्या मूगडाळीची कोसंबरी वाटतात. ती करणाऱ्या बायका मीठ आणि लिंबू अगदी वाढायच्या वेळी घालतात, कारण मीठ लागलं की काकडीतलं पाणी बाहेर यायला लागतं. वाडग्यालाही तोच नियम लावा. काकडी-टोमॅटोला आधी मीठ लावू नका. टोमॅटोचा बियांचा गर काढून टाका. कांदा पातळ चिरून व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात दहा मिनिटं ठेवा, म्हणजे त्याचा उग्रपणा जातो, आणि मग निथळून घ्या.

भाज्यांसाठी देवराज मार्केट किंवा हॉपकॉम्सचं दुकान पुरेसं आहे. निलगिरीतून येणारं ऊटी गाजर गोड आणि करकरीत असतं, ते किसून घातलं तर लेट्यूस कमी असला तरी चालतं. लेट्यूस महाग वाटला तर कोवळा कोबी अगदी बारीक चिरून घ्या. तो जास्त वेळ टिकतो आणि रसाने लगेच मऊ पडत नाही. पानं एकेक सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा आणि स्वच्छ पंचावर पूर्ण कोरडी करा. ओल्या पानावर सॉस धरत नाही, घसरून तळाशी जातो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत. एका वाडग्यात दीडशे-दोनशे ग्रॅम सहज बसतात, आणि हा या पदार्थाचा सगळ्यात मोठा फायदा आहे.

मीठ आणि सॉस

बर्गरचं सारण फिक्या पावाबरोबर खायचं म्हणून चढं असतं. तेच सारण पावाशिवाय खाल्लं की खारट लागतं आणि पोटात मीठही जास्त जातं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक सपाट चमचा. चीज, केचप, व्हिनेगरमधली काकडी आणि विकतची टिक्की या चारही गोष्टींत मीठ आधीच असतं. म्हणून एका वाडग्यात यातल्या फार तर दोन घ्या आणि खिम्यातलं मीठ नेहमीच्या निम्मं ठेवा. मला चीजपेक्षा आंबट काकडी महत्त्वाची वाटते, कारण बर्गरची खरी ओळख तिच्या आंबटपणात आहे. व्हिनेगरमध्ये घालतात ती छोटी घेर्किन काकडी कर्नाटकातच कंत्राटी शेतीतून मोठ्या प्रमाणावर पिकते आणि बहुतेक परदेशी जाते. घरी साध्या कोवळ्या काकडीच्या चकत्या व्हिनेगर, चिमूटभर मीठ आणि थोडी साखर यांत अर्धा तास ठेवल्या तरी काम भागतं.

सॉसबद्दल मी आग्रहाने सांगेन: कच्च्या अंड्याचं मेयोनीज घरी करू नका आणि सुटं विकतही आणू नका. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जंतू येऊ शकतात आणि मेयोनीज शिजवलं जात नाही. शेजारच्या केरळने २०२३ च्या जानेवारीत अशा मेयोनीजवर बंदी घातली, तेलंगणाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आणि तमिळनाडूने २०२५ च्या एप्रिलमध्ये. त्याऐवजी तासभर टांगून पाणी काढलेलं दही घ्या, चार जणांसाठी वाटीभर. त्यात एक चमचा फेसलेली मोहरी, एक चमचा केचप, किसलेली लसणाची पाकळी, मिरपूड आणि बारीक चिरलेली आंबट काकडी घाला. मोहरीच्या झणक्याने बर्गर सॉसची चव पुरेपूर येते आणि तेल एक थेंबही लागत नाही.

खिमा आणि राजमा

सीएफटीआरआय, म्हणजे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, १९५० पासून म्हैसूरच्या चेलुवांबा मॅन्शनमध्ये आहे. त्यामुळे अन्नशास्त्रात आयुष्य घालवलेली माणसं इथे शेजारीपाजारी भेटतात. तिथून निवृत्त झालेल्या आमच्या ओळखीच्या एका काकांनी खिम्याची गोष्ट सोपी करून सांगितली. मांसाच्या अखंड तुकड्यावर जंतू बहुतेक बाहेरच्या बाजूला असतात, तव्याची आच लागली की मरतात. खिमा करताना ती बाहेरची बाजू आत मिसळली जाते. म्हणून जाड टिक्की बाहेरून तपकिरी दिसली तरी आत कच्ची आणि धोक्याची असू शकते. अमेरिकेत १९९३ साली अर्धवट शिजलेल्या बर्गरमुळे शेकडो लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. कोंबडीच्या खिम्याचं आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअसला आणि मटणाचं ७१ ला पोचायला हवं.

वाडग्यात टिक्की वळायची गरजच नसते, ही मोठी सोय आहे. सुटा खिमा रुंद तव्यावर पातळ पसरा, दोन-तीन मिनिटं न हलवता राहू द्या, मग उलथन्याने मोडत परता. गर्दी केली तर खिम्याला पाणी सुटतं आणि तो परतला न जाता उकडतो, म्हणून अर्धा किलो दोन भागांत करा. गुलाबीपणा पूर्ण गेल्यावर मीठ, मिरपूड आणि कांदा घाला. खिमा नळाखाली धुऊ नका, त्याचे थेंब ओट्यावर आणि भाज्यांवर उडतात. मांसाची सुरी आणि पाट वेगळे ठेवा आणि भाज्या आधी चिरून घ्या.

शाकाहारी घरांत राजमा उत्तम, पण त्यातही सावध राहायला हवं. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात असलेल्या एका विषारी प्रथिनामुळे काही तासांत जोरदार उलट्या होतात. राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात कुकरला पूर्ण मऊ शिजवा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा टाकू नका, तिथे उकळी नीट येत नाही आणि विष तसंच राहतं. शिजलेला राजमा कुस्करून त्यात पंढरपुरी डाळ्याचं, म्हणजे इथल्या हुरिगडलेचं, पीठ घातलं की टिक्क्या तव्यावर मोडत नाहीत.

संध्याकाळचा क्रम

रविवारी राजमा शिजवून, पसरट डब्यांत भरून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा, जास्तीचा गोठवा. दह्याचा सॉस सकाळीच करून ठेवा. घरी आल्यावर पहिल्यांदा बटाटे कुकरला लावा, भाज्या धुऊन कोरड्या करा, कांदा व्हिनेगरमध्ये घाला. मग खिमा किंवा टिक्क्या तव्यावर घ्या. वाडग्यात खाली कोबी किंवा लेट्यूस, एका बाजूला बटाटा, दुसऱ्या बाजूला गरम खिमा दोन मिनिटं निवल्यावर, वर आंबट काकडी आणि कांदा घाला. सॉस प्रत्येकाला वेगळ्या वाटीत द्या. कोण किती घेतं ते दिसतं आणि उरलेल्या भाज्या दुसऱ्या दिवशी वापरता येतात.

आप्पा आताही आमच्याबरोबर हाच वाडगा खातात. त्यांच्या वाडग्याशेजारी डॉक्टरांशी बोलून ठरवलेली भाकरी असते, आणि ती वाढल्याशिवाय घरात कुणी जेवायला बसत नाही. तुमच्याकडे हा पदार्थ सुरू करण्याआधी घरातल्या प्रत्येकाची औषधं एकदा डोळ्यांखालून घाला, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या संपलेल्या नाहीत ना ते बघा, आणि कुणाच्या वाडग्यात काय आधार द्यायचा ते ठरवा. त्यानंतर आठवड्यातून दोनदा खुशाल करा.