घराच्या नियंत्रणासाठी स्वस्त टॅब्लेटची निवड

जिनीव्हा शहरानजीकच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेत १९७६ साली 'सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन' हे सुमारे सात किलोमीटर परिघाचे त्वरणयंत्र सुरू झाले. त्याची उभारणी चालू असतानाच अभियंत्यांपुढे एक व्यावहारिक अडचण उभी राहिली होती. एवढ्या अवाढव्य यंत्राच्या प्रत्येक भागासाठी वेगळे बटण व वेगळी खुंटी बसवायची म्हटली, तर नियंत्रणकक्षाच्या भिंतीही अपुऱ्या पडल्या असत्या. फ्रँक बेक आणि बेंट स्टुम्पे यांनी यावर उपाय काढला तो स्पर्शाला प्रतिसाद देणाऱ्या पडद्याचा. पडद्यावरील जागा मोजक्याच असत. परंतु त्या जागांचा अर्थ संगणक गरजेप्रमाणे बदलत असे. इंग्लंडमधील माल्व्हर्न येथे ई. ए. जॉन्सन यांनी विमानवाहतुकीच्या नियंत्रणासाठी अशाच पडद्याची कल्पना १९६५ मध्ये मांडली होती.

आज तीच अडचण लहान प्रमाणावर आपल्या घरात आली आहे. दिवे, पंखे, गिझर, पाण्याचा पंप, दारावरची घंटा ही सारी उपकरणे एकमेकांशी जोडता येतात. मात्र प्रत्येकाचे नियंत्रण कुणा एकाच्या मोबाईल फोनमध्ये राहिले, तर ती व्यक्ती घराबाहेर पडताच इतरांची पंचाईत होते. म्हणून भिंतीवर सर्वांच्या हाताशी एक टॅब्लेट असावा, असा विचार पुढे आला. या कामासाठीच बनविलेली भिंतीवरची पटले बरीच महाग असतात. त्यामुळे साधा, स्वस्त टॅब्लेट निवडताना काय पाहावे, याचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे.

काम नेमके कोणते?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. घराचे नियंत्रण टॅब्लेट स्वतः करीत नाही. ते काम घरातच कोठेतरी ठेवलेल्या एका लहान संगणकाचे असते. 'होम असिस्टंट' किंवा 'ओपनहॅब' यांसारखी मुक्त स्वरूपाची प्रणाली त्यावर चालते. कोणता दिवा चालू आहे, टाकीत पाणी किती आहे, याची नोंद तो ठेवतो आणि उपकरणांना आज्ञा देतो. टॅब्लेट केवळ त्या संगणकाने तयार केलेले पान दाखवितो व बोटाचा स्पर्श त्याच्यापर्यंत पोहोचवितो. सारांश, टॅब्लेट ही खिडकी आहे, घराचा कारभारी नव्हे. हे ध्यानात घेतले म्हणजे वेगवान प्रक्रियक, उत्तम कॅमेरा, मोठा साठा यांसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण उरत नाही.

पडदा

स्पर्शपटलांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. रोधी पटलात दोन पातळ थर असतात. बोटाने दाबल्यावर ते एकमेकांना टेकतात व त्यावरून स्पर्शाची जागा कळते. धारकीय पटलात दाबाची गरज नसते. बोट जवळ येताच तेथील विद्युत् धारकता बदलते व तो बदल मोजला जातो. भारतात ऑक्टोबर २०११ मध्ये विद्यार्थ्यांसाठी आलेला सुमारे सव्वादोन हजार रुपयांचा 'आकाश' टॅब्लेट येथे आठवतो. त्याच्या पहिल्या आवृत्तीत रोधी पटल आणि २५६ मेगाबाइट स्मृती होती. पुढल्याच वर्षीच्या आवृत्तीत धारकीय पटल देण्यात आले व स्मृती दुप्पट करण्यात आली. स्वस्ताईची मर्यादा कोठे आखावी, याचा हा बोलका धडा होय. आज मिळणारे बहुतेक टॅब्लेट धारकीय पटलाचेच असतात. त्यांचा एक दोष मात्र लक्षात ठेवावा: पाण्याने निथळणाऱ्या बोटाचा स्पर्श त्यांना नीट उमगत नाही. म्हणून टॅब्लेट मोरीच्या अगदी जवळ बसवू नये.

आकाराचा हिशेब साध्या गणिताने करता येतो. सात इंची पडद्याची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर व रुंदी सुमारे ९ सेंटिमीटर असते. वृद्धांनाही सहज दाबता यावे म्हणून प्रत्येक चौकोन अडीच सेंटिमीटरचा धरला, तर अशा पडद्यावर अठरा चौकोन मावतात. एका खोलीसाठी हे पुरेसे आहे. साऱ्या घराचे चित्र एकाच पानावर हवे असल्यास आठ किंवा दहा इंची पडदा घ्यावा. सात इंची पडद्यावर १०२४ गुणिले ६०० बिंदू असले तरी अक्षरे स्पष्ट दिसतात. कारण भिंतीवरचा पडदा आपण पुस्तकाप्रमाणे डोळ्यांजवळ धरून वाचीत नाही. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे पाहण्याचा कोन. स्वस्त पडदा बाजूने पाहिल्यास काळवंडतो. 'आयपीएस' जातीच्या पडद्यात हा दोष फारसा नसतो. 'ओलेड' पडदे सुंदर दिसत असले, तरी तेच चित्र दिवसेंदिवस राहिल्यास त्याची छाया पडद्यावर कायमची उमटण्याचा धोका असतो. या कामाला साधा द्रवस्फटिक पडदाच बरा.

स्मृती व प्रणाली

नियंत्रणाचे पान ब्राउझरमध्ये उघडते व ते दिवसरात्र उघडे राहते. त्यामुळे प्रक्रियकापेक्षा स्मृतीची टंचाई आधी जाणवते. दोन गिगाबाइट ही कामचलाऊ मर्यादा समजावी. तीन किंवा चार असल्यास उत्तम. अँड्रॉइडची आवृत्तीही पाहावी. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून पाने दाखविणारा घटक मूळ प्रणालीपासून वेगळा सुधारता येऊ लागला. तरीही फार जुन्या आवृत्त्यांना कालांतराने नवे ब्राउझर मिळेनासे होतात व एके दिवशी पान उघडतच नाही. अ‍ॅमेझॉनचे 'फायर' टॅब्लेट परदेशात या कामासाठी लोकप्रिय आहेत. ते अँड्रॉइडवरच आधारलेले असले, तरी त्यांत गूगलचे अ‍ॅप-भांडार मुळात नसते, हे परदेशातून ते मागविणाऱ्यांनी जाणून असावे.

बॅटरी: खरा धोका

भिंतीवरचा टॅब्लेट सदैव चार्जरला जोडलेला असतो. टॅब्लेट बनविणाऱ्यांनी मात्र तो हातात वापरला जाईल असे गृहीत धरलेले असते. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेल्या स्थितीत आणि उष्ण जागी महिनोन्‌महिने राहिली, तर तिचे आयुष्य घटते व आत वायू साठून ती फुगू शकते. फुगलेली बॅटरी पडदा उचलून टाकते. तिला भोक पडल्यास किंवा ती चेपल्यास आग लागण्याचाही संभव असतो. आपल्याकडील उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर, हवा न खेळणाऱ्या लाकडी चौकटीत बसविलेल्या टॅब्लेटच्या बाबतीत ही भीती काल्पनिक नव्हे.

यावर एक सोपा उपाय आहे. चार्जर एका नियंत्रित प्लगवर लावावा. बॅटरी चाळीस टक्क्यांवर आली की घरच्या संगणकाने प्लग चालू करावा आणि ऐंशी टक्क्यांवर तो बंद करावा. चौकटीत वरखाली हवेसाठी फटी ठेवाव्यात. वर्षातून दोनदा टॅब्लेट खाली काढून पाठ तपासावी. तो सपाट मेजावर ठेवल्यावर डुलत असेल किंवा कडेची फट रुंदावली असेल, तर चार्जर काढून तो लागलीच वापरातून बाद करावा.

विजेचा खर्च नगण्य आहे. टॅब्लेट सरासरी चार वॅट वीज घेतो असे धरले, तर दिवसाला ९६ वॅट-तास, म्हणजे युनिटचा दहावा भाग खर्ची पडतो. वर्षाला सुमारे ३५ युनिटे. कोणी समोर नसताना पडदा मालवण्याची सोय केल्यास हा खर्च आणखी कमी होतो.

वीज गेल्यावर

टॅब्लेटला स्वतःची बॅटरी असते, तेव्हा वीज गेली तरी नियंत्रण चालू राहील, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत चुकीची आहे. टॅब्लेट जागा असला, तरी वायफाय पुरविणारा राऊटर व घरचा संगणक बंद पडलेले असतात. म्हणून इन्व्हर्टरवर पंख्याच्या जोडीने या दोहोंनाही स्थान द्यावे. तसेच जी उपकरणे दूरच्या सर्व्हरला विचारल्याविना चालत नाहीत, ती शक्यतो टाळावीत. इंटरनेट खंडित झाले म्हणून स्वतःच्या घरातला दिवा लागू नये, ही स्थिती स्वीकारण्याजोगी नाही.

वापरलेला टॅब्लेट घेताना

खर्च वाचविण्याचा उत्तम मार्ग म्हणजे घरात पडून असलेला किंवा दुसऱ्याने वापरलेला टॅब्लेट. तो घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पडद्याचे चारही कोपरे स्पर्शाला प्रतिसाद देतात काय? पाठ फुगलेली नाही ना? चार्जिंगची खाच सैल झालेली नाही ना? आणि आधीच्या मालकाने आपले खाते त्यातून काढून टाकले आहे काय? हे खाते तसेच राहिले, तर टॅब्लेट पुसून नव्याने सुरू करताना तो जुन्या मालकाचीच ओळख मागतो आणि खरेदी वाया जाते.

टॅब्लेट बसविल्यावरही एक पथ्य पाळावे. भिंतीवरची नेहमीची बटणे काढून टाकू नयेत. रात्री उठलेल्या आजीला, पाहुण्याला किंवा लहान मुलाला अंधारात हात लावताच दिवा लावता आला पाहिजे; त्यासाठी पडद्यावरचे चित्र ओळखण्याची सक्ती त्यांच्यावर असू नये. त्याचप्रमाणे बैठकीच्या खोलीतील टॅब्लेटचा कॅमेरा व ध्वनिग्राहक यांची गरज नसल्यास त्यांची परवानगी बंद ठेवावी. खरेदीपूर्वी शक्य झाल्यास निवडलेला टॅब्लेट दोन दिवस उसना आणून घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीच्या हाती द्यावा आणि तिला पंखा लावावयास सांगावे. तिला तो न विचारता लावता आला, तर टॅब्लेट विकत घेण्यास हरकत नाही.