अग्निबाणाची परीक्षा

विद्यार्थी मित्रांनो, दिवाळीत उमापूरच्या गल्लीत उडणारे रॉकेट तुम्ही पाहिले असेल. बाटलीत उभे केलेले हे रॉकेट कधी सरळ वर जाते, तर कधी आडवे होऊन कुणाच्या तरी अंगणात शिरते. ते आडवे का झाले, हे कोणी शोधत नाही. आपण दुसरे रॉकेट लावतो. उपग्रह नेणाऱ्या अग्निबाणाच्या बाबतीत मात्र असे करून चालत नाही.

शाळेत आधी घटक चाचणी होते आणि शेवटी वार्षिक परीक्षा. अग्निबाणाचेही तसेच आहे. प्रथम जमिनीवर त्याचा एकेक भाग तपासतात. मोटर मजबूत चौकटीला घट्ट बांधून पेटवतात. ती जळते, पण जागची हलत नाही. त्या वेळी तिचा जोर, आतील दाब व तापमान मोजतात. हिला स्थिर चाचणी म्हणतात. उड्डाणात सर्व भाग थरथरतात, म्हणून काही भाग यंत्रावर ठेवून जोराने हलवूनही पाहतात. घन इंधन एकदा पेटले, की विझवता येत नाही. त्यामुळे चूक आधीच सापडावी लागते. भारतात असे इंधन तयार करण्याच्या कामात पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर यांचा मोठा वाटा होता.

यानंतर उड्डाणाची परीक्षा येते. आता सर्व भागांना एकाच वेळी काम करावे लागते. 'एस. एल. व्ही.-३' हा आपला अग्निबाण २२ मीटर उंच व १७ टन वजनाचा होता. त्याला चार टप्पे होते. त्या प्रकल्पाचे प्रमुख डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम होते. १० ऑगस्ट १९७९ रोजी तो श्रीहरिकोटा येथून उडाला. पहिला टप्पा नीट जळाला. पण दुसऱ्या टप्प्याचे नियंत्रण सुटले आणि सुमारे पाच मिनिटांत अग्निबाण समुद्रात पडला.

मग चूक कळली कशी? उडताना अग्निबाण दाब, तापमान व दिशा यांची माहिती रेडिओ लहरींनी सतत जमिनीवर पाठवतो. अग्निबाण बुडाला, पण ही माहिती हाती राहिली. एक झडप उघडी राहिल्यामुळे नियंत्रणासाठी लागणारे आम्ल गळून गेले होते, असे तपासात दिसले. शास्त्रज्ञांनी दोष दूर केला. १८ जुलै १९८० रोजी त्याच प्रकारच्या अग्निबाणाने ३५ किलोग्रॅम वजनाचा 'रोहिणी' उपग्रह कक्षेत पोहोचवला.

मित्रांनो, तपासलेली उत्तरपत्रिका हाती आली, की आपण गुण पाहतो आणि ती घडी घालून ठेवतो. यापुढे ती पुन्हा उघडा. आपली झडप कोठे उघडी राहिली, ते शोधा.

शब्दार्थ : अग्निबाण – रॉकेट; झडप – व्हॉल्व्ह; आम्ल – तेजाब; कक्षा – उपग्रहाचा फिरण्याचा मार्ग.

स्वाध्याय
१. स्थिर चाचणीत काय काय मोजतात?
२. अग्निबाण समुद्रात पडूनही त्याची चूक कशी कळली?
३. तुमची एखादी चूक तुम्ही कशी सुधारली, ते पाच ओळींत लिहा.