हूड जोडलेलं की सुटं?

प्रश्न : डिसेंबरात तारकर्लीला आणि पुढे मुलाकडे स्कॉटलंडला स्कूबा करायचं आहे. हूड जोडलेला वेटसूट घ्यावा की हूड सुटं घ्यावं?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : तारकर्लीला हूड लागतच नाही, मालवणचा समुद्र डिसेंबरातही कोमट असतो. स्कॉटलंडचं पाणी मात्र भर उन्हाळ्यात जेमतेम 15 अंशांपर्यंत जातं. तिथे हूड हवंच. जोडलेल्या हूडचा फायदा एकच, पण मोठा : मानेतून गार पाणी आत शिरत नाही. तरी तुम्ही सुटंच घ्या. सूट अंगाला बसला म्हणजे हूड डोक्याला बसेलच असं नाही, शिवाय तिकडे पुष्कळजण घालतात त्या ड्रायसूटवरही सुटं हूड चालतं.

घेताना मान वळवून पाहा. गळा आवळला तर भोवळ येऊ शकते. मास्कची कड थेट कातडीवर टेकली पाहिजे, हूडवर नाही; नाहीतर पाणी झिरपणारच. पाण्यात उतरताच कानाजवळ हूड बोटाने उचलून थोडं पाणी आत घ्या. हवा अडकून राहिली तर खाली जाताना कान ठणकतो.

परत आल्यावर गोड्या पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. आपल्याकडच्या गच्चीवरच्या उन्हात निओप्रीन कडक होऊन तडकतं.